तटस्थांचं टेबल

९ मार्च, सोमवार

निमिषचं जहाज तिकडेच चाललंय!

दुपारी हर्बर्ट पार्कात डबा उघडून बसले होते, पहिला घास तोंडात, आणि त्याचा फोन. तीन आठवड्यांनी आवाज ऐकला म्हणून आधी खुशीत होते. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, मका भरायला चाललोय, आणि देशाचं नाव सांगितलं. डबा बंद केला. वर साळसूदपणे— आईला सांगू नको हां ताई, तिला मी ब्राझील सांगितलंय.

त्या देशाचं नाव मी इथेही लिहीत नाही. सवयच लागली आहे. माझ्या यादीत तो चौथा, म्हणून चौथा.

पाच वर्षं या कंपनीत झाली, पण आपण करतो काय ते या वहीतसुद्धा कधी धड लिहिलं नाही. आज लिहून टाकते. दोन देशांचं युद्ध चालू आहे. त्यात नसलेले पण शेजारी असलेले असे सात देश आहेत. त्या सातांना कितपत धोका आहे ते मी इथे आयर्लंडमध्ये, बॉल्सब्रिजच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर बसून दर शुक्रवारी लिहिते. विमा कंपन्या आणि जहाजवाले ते विकत घेतात. माझ्या टेबलाला सगळे तटस्थांचं टेबल म्हणतात. बाहेर कुणाला काही बोलायचं नाही असा करार आहे. त्यामुळे माहेरी, सासरी, इथल्या मराठी मंडळातल्या बायकांत— वृंदा इन्शुरन्समध्ये आहे. निमिषलाही तेवढंच माहीत.

धोक्याच्या पाच पायऱ्या. नगण्य, कमी, मध्यम, उच्च, गंभीर. चौथ्याला मी 'मध्यम' लिहिते. सलग सहा शुक्रवार 'मध्यम'. कुणी विचारलं नाही, आणि मीही दुसऱ्यांदा विचार केला नाही.

१० मार्च, मंगळवार

काल घाबरून फोन लवकर ठेवला होता. आज बसमध्ये बसून त्याला सगळं नीट विचारलं. ब्लँचर्डस्टाउनपासून थेट ऑफिसच्या स्टॉपपर्यंत बोलत होते. शेजारच्या बाईने दोनदा वळून बघितलं.

नाही म्हणता येत नाही का, हे विचारलं. म्हणाला, येतं ना. पण करारात कलम आहे. जिथे चाललोय तिथला धोका 'उच्च' असला तर खलाशी म्हणू शकतो, मी उतरतो. मग कंपनी त्याला सन्मानाने घरी पाठवते. 'मध्यम' असेल आणि तरी कुणी उतरतो म्हटलं, तर तो भित्रा. पुढच्या खेपेला त्याला कुणी बोलावत नाही. निमिष सध्या थर्ड इंजिनिअर, जहाजावरच्या भाषेत 'तीन साब'. सेकंडच्या परीक्षेला बसायला आणखी चार महिने समुद्रावर काढायचे आहेत. नागपूरचा पोरगा, अठराव्या वर्षापर्यंत अंबाझरी तलावापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, तो आता मला समुद्राचे नियम शिकवतो!

"ताई, मध्यमच तर आहे. तू काऊन टेन्शन घेऊन राह्यली?"

मध्यम! माझ्या हातचा शब्द माझाच भाऊ मला ऐकवतो, वर समजूत घालायला. स्टॉप आला म्हणून सांगितलं.

१२ मार्च, गुरुवार

दर जानेवारीत एक फॉर्म भरावा लागतो. ज्या देशाबद्दल लिहिता तिथे तुमचं कुणी नातेवाईक, घरदार, काही हितसंबंध आहे का? मी 'नाही'वर फुली मारली होती. तेव्हा खरंच नव्हतं. आता आहे, आणि नियम असा की ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सांगायचं.

सांगितलं तर टेबल माझ्याकडून जाणार. ओवेनकडे जाईल. ओवेन माझं लिहिलेलं तपासतो, मी त्याचं. माणूस भला आहे. पूर्वी हवामानाचे अंदाज लिहायचा. त्याच्या मते रोज हलणारा अंदाज म्हणजे घाबरट माणसाचा अंदाज. टेबल त्याच्याकडे गेलं की चौथा वर्षभर मध्यमच राहील. आणि मी शेजारच्या खुर्चीवरून बघत बसेन.

नाही सांगितलं.

१३ मार्च, शुक्रवार

सातवा शुक्रवार. मध्यम.

१६ मार्च, सोमवार

चौथ्या देशाच्या हद्दीत कोळ्यांच्या होडीच्या जाळ्यात पाण्यात वाहत आलेला सुरुंग अडकला. होडीतले चारही जण गेले. बातमी सकाळी नऊला. सव्वानऊला मी कागद उघडला, 'मध्यम' खोडलं आणि 'उच्च' लिहिलं. खोटं लिहीत नव्हते. भाऊ तिथे नसता तरी हेच लिहिलं असतं. असतं ना? दिवसभर हाच प्रश्न डोक्यात.

ओवेनने वाचलं. मान हलवत राहिला. आमचा नियम जुना आहे. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, एकमेकांशी संबंध नसलेल्या, एकसारखी माहिती आली तरच ती पक्की. सुरुंगाची बातमी एक. विरुद्ध बाजूला दोन. एक म्हणजे आमचा जुना कागद, जो मीच लिहिलेला. दुसरं म्हणजे जहाजांचा विमा उतरवणाऱ्यांच्या संघटनेचं पत्रक. त्यात स्वच्छ लिहिलंय की, तटस्थ जहाजांना मुद्दाम लक्ष्य केलं जात असल्याचा पुरावा सध्या नाही.

एकाविरुद्ध दोन. ओवेन म्हणाला, सुरुंग वाहत येतो, वृंदा, तो ठरवून येत नाही. मग चहा विचारला. चहा घेतला मी. काय करणार? नियम मीच नव्या मुलांना शिकवते.

१७ मार्च, मंगळवार

सेंट पॅट्रिक डेची सुट्टी. सगळा देश हिरवा आणि मी टीव्हीसमोर परेड बघत फोन पालथा घालून बसलेली. ज्ञानदा गालावर हिरवी पानं रंगवून नाचत होती. आठ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या सुरात. मला म्हणाली, आई, यू'र नो क्रॅक टुडे. म्हणजे आज तुझ्यात काही मजा नाही.

आयर्लंडही तटस्थच. माझ्या यादीत नाही एवढंच. ओवेन एकदा म्हणाला होता, आपल्याबद्दलही कुठल्या तरी देशात कुणीतरी दर शुक्रवारी 'कमी' लिहीत असेल. तेव्हा हसले होते.

ऑफिस उद्या उघडेल. जहाजाला सुट्टी नसते.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. आई फेब्रुवारीत आली तीच गुढीचं कापड बॅगेत घालून. इथे गुढी बाहेर उभारायची म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. गेल्या वर्षी तांब्या शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडला होता. म्हणून यंदा खिडकीच्या आतून. सलीलने त्याच्या ऑफिसला, चेरीवूडला, निघायच्या आधी काठी पडद्याच्या दांडीला बांधून दिली. कडुलिंब नाही, आईने मेथीदाण्यावर भागवलं. म्हणाली, कडू ते कडू.

निमिषचा व्हिडिओ कॉल आला. आईसमोर ब्राझीलचं नाटक! खाली जाड स्वेटर, वर हसू. आई बघत राहिली आणि म्हणाली, ब्राझीलात इतकी थंडी असते का रे? तो म्हणाला, एसी आहे. आईने पुढे विचारलं नाही. मला ते बरं वाटलं नाही. आई विचारायची थांबली म्हणजे तिला कळलेलं असतं.

नंतर मला वेगळा मेसेज. जहाज दोन-तीन दिवसांत बंदराबाहेर नांगर टाकेल. सुरुंगाचं ऐकून काही जण कुरकुर करत होते, म्हणून कॅप्टनने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावून एक पत्रक वाचून दाखवलं आणि तिथेच भिंतीवर लावलं. निमिषने फोटो पाठवला. तेच. विमावाल्या संघटनेचं. मुद्दाम लक्ष्य केलं जात असल्याचा पुरावा सध्या नाही. वाचून सगळे शांत झाले म्हणे. खाली त्याने लिहिलं होतं—

"ज्यानं लिहिलं त्याले काही तरी माहीत असनच ना ताई. असेच थोडी लिहितात."

रात्रीचं श्रीखंड तसंच राहिलं.

२० मार्च, शुक्रवार

वाक्य माझं आहे.

सकाळी बसमध्ये तो फोटो मोठा करून वाचत होते. पत्रकात पुढे लिहिलंय, सुरुंग वाहत येतात तो पट्टा बंदराच्या तोंडापासून २६ मैलांवर आहे. २६ नाही. १६ आहे. २६ मी लिहिलं होतं! ३० जानेवारीला, शुक्रवारी. ज्ञानदाला शाळेतून आणायला उशीर होत होता, सलील रस्त्यात अडकला होता, आणि मी एकचा दोन केला. सोमवारी लक्षात आलं, गुपचूप दुरुस्त केलं. पण शुक्रवारी गेलेला कागद परत थोडाच येतो.

म्हणजे त्यांनी आमचाच कागद उतरवून घेतला, आमचं नाव काढलं, आणि स्वतःचं पत्रक म्हणून छापलं. ही एवढी नेमकी चूक दोन माणसांनी वेगवेगळी करणं शक्यच नाही. आणि आम्ही त्याच पत्रकाला दुसरा साक्षीदार म्हणून उभं केलं. विहिरीत आपणच ओरडायचं आणि आतून आलेल्या आवाजाला विचारायचं, खरं ना?

आणि 'पुरावा नाही' म्हणजे तरी काय होतं? मी शोधलाच नव्हता. त्या शुक्रवारी वेळ नव्हता. पुरावा नाही हे खरंच होतं, कारण बघितलंच नव्हतं कुणी. ते वाक्य आता एकवीस माणसं जेवताना भिंतीवर वाचतात.

आठवा शुक्रवार. मध्यम. कागदावर माझी सही आहे.

२२ मार्च, रविवार

सलीलला सगळं सांगितलं. करार गेला खड्ड्यात, नवरा आहे. ज्ञानदा आणि आई शॉपिंग सेंटरला गेल्या होत्या. पावसात आईचं चालणं तिथेच होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फेऱ्या.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या पद्धतीने एकेक मुद्दा. २६ चं दाखवलं तर दुसरा साक्षीदार बाद होतो. मग पायरी वर जाऊ शकते. पण चूक कुणाची तेही दाखवावं लागेल, आणि दुरुस्ती लपवली तेही. ते झालं की कुणीतरी विचारेल, दोन महिन्यांनी आजच का आठवलं? तिथे निमिष येतो. फॉर्म येतो. नोकरी जाऊ शकते.

मी म्हटलं, मग?

म्हणाला, "आकडा खरा आहे ना? तो सांग. भावाचं सांगू नकोस."

सांगायला सोपं. चेरीवूडला कोडमध्ये चूक झाली तर मागची आवृत्ती परत आणतात म्हणे. मी त्याला म्हटलं, माझ्या कामात मागची आवृत्ती बोटीवर बसून निघून जाते. भांडण माझ्याच बाजूने झालं. तो बिचारा भांडी घासायला उठला.

२३ मार्च, सोमवार

ग्रॉन्या बुधवारपर्यंत नाही. शेवटचा शब्द तिचा, ती आमची मुख्य. ओवेनला आधी सांगावं का? नाही धीर झाला.

निमिषच्या जहाजाने काल नांगर टाकला. बंदराबाहेर. नकाशावर हिरवा त्रिकोण, एका जागी. दिवसातून चाळीस वेळा बघते.

२४ मार्च, मंगळवार

आईने आज पकडलंच. हॉट प्रेसमधल्या, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, तो पोरगा खोटं बोलून राह्यला. मी म्हटलं, काय खोटं? म्हणाली, बाप गेला तेव्हा तुम्ही दोघांनी दोन दिवस मला दवाखान्यातच आहेत म्हणून सांगितलं होतं. तेव्हा त्याचं तोंड असंच होतं.

मी टॉवेलच्या घड्या करत राहिले.

"तुला माहीत आहे न तो कुठे आहे? एवढंच सांग, माहीत आहे की नाही."

मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ज्ञानदाच्या मोज्यांच्या जोड्या लावायला लागली. मला रडू येत होतं, पण रडले असते तर तेच उत्तर झालं असतं. आईपासून निमिषचं आणि निमिषपासून माझं गुपित पोटात घेऊन मी या घरात फिरते आणि दोघांपैकी एकालाही त्याचा उपयोग नाही.

२५ मार्च, बुधवार

सांगितलं.

ग्रॉन्याच्या खोलीत गेले, दार लावलं, दोन्ही कागद समोर ठेवले. आमचा ३० जानेवारीचा आणि त्यांचं पत्रक. २६ वर बोट ठेवलं. म्हटलं, हे माझं. माझी चूक, आणि दुरुस्ती करून गप्प बसले तीही माझीच.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाली, म्हणजे इतके आठवडे आपण आपल्यालाच विचारत होतो. मग लगेच कामाला लागली. पत्रक यादीतून बाद. सगळ्या टेबलांनी आपापले साक्षीदार पुन्हा तपासायचे. चौथ्याबद्दल शुक्रवारी दुपारी बैठक. माझ्या फाइलमध्ये नोंद होणार, तेही सांगितलं. होऊ दे.

उठताना तिने विचारलंच. या देशाबद्दल तुला काही खास कारण आहे का, मला माहीत असावं असं? आवाज मऊ होता. त्या क्षणी सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर शुक्रवारच्या बैठकीत मी नसते.

नाही, म्हटलं. खरं सांगितलं त्याच खुर्चीवर बसून, पाच मिनिटांत.

२६ मार्च, गुरुवार

नकाशा वेडा झालाय. सकाळी निमिषचं जहाज एका शेतात उभं होतं, किनाऱ्यापासून चाळीस मैल आत! दुपारी समुद्रावर गोल गोल फिरत होतं, शेजारच्या अकरा जहाजांसकट. घाबरण्यासारखं नाही. लढणारे एकमेकांची ड्रोन चुकवायला उपग्रहांचे सिग्नल बिघडवतात, त्यात सगळ्यांचीच जागा चुकीची दिसते. मीच यावर दोन पानं लिहिली आहेत. तरी भाऊ मक्याच्या शेतात उभा दिसला की नकाशा बंद करून पुन्हा उघडते.

फोन लागत नाही. मेसेजवर एकच टिक.

मग स्वतःला म्हटलं, वृंदाबाई, काम येतं ना, करा. शेवटची खरी जागा रविवारची, बंदराबाहेर. आत जायच्या रांगेत चौदा जहाजं, त्याचं नववं. रोज साधारण एक आत घेतात. म्हणजे त्याची पाळी पुढच्या मंगळवारी. उद्या पायरी वर गेली तर त्याला नाही म्हणायला तीन पूर्ण दिवस आहेत. अंदाज: मंगळवारपर्यंत बाहेरच. खात्री: बऱ्यापैकी.

भावाचं असं मूल्यमापन करून कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. सलीलला दाखवला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

झालं! उच्च!

बैठक सव्वा तास चालली. मी बोलले तेव्हा आवाज एकदाही फाटला नाही. होडीचा सुरुंग, बुधवारी बंदरावरून गेलेलं ड्रोन, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून पक्कं झालेलं. विरुद्ध बाजूला आता आमचा एक जुना कागद, आणि तो कसा लिहिला गेला ते सगळ्यांना माहीत. मान खाली घालून ऐकून घेतलं. नवी मुलं माझ्याकडे बघत नव्हती.

ओवेनने शेवटी हात वर केला. पायरी चढवायला त्याची हरकत नव्हती, भला माणूस. त्याचं म्हणणं वेगळं होतं. आपण उच्च केलं की विमा कंपन्या दुसऱ्या दिवशी हात काढून घेतात. विमा नाही म्हणजे जहाज हलत नाही. जे बाहेर आहेत ते सुटले, पण जे आत आहेत ते आतच. पाच-सहा जहाजं असतील बंदरात. त्यांचा विचार केलाय का? एक आठवडा आधी सूचना देऊ, ती बाहेर पडू देत, मग वर नेऊ.

एक आठवडा! मंगळवार आठवड्याच्या आत येतो.

मी उत्तर दिलं. झटकन दिलं. म्हटलं, आठवडाभर थांबलो तर त्या आठवड्यात आणखी दहा आत जातील. खोटं नव्हतं ते. ग्रॉन्या म्हणाली, ठीक आहे, पण कागदावर त्यांच्याबद्दल एक ओळ हवी. मी तिथेच टाइप केली. 'बंदरात आधीच असलेल्या जहाजांवरील परिणाम: मर्यादित.' ओवेनने ती ओळ पडद्यावर दोनदा वाचली. मग म्हणाला, ग्रँड. इथे ग्रँड म्हणजे बरं, चालेल, असू दे, काहीही असू शकतं.

चार वाजून दहा मिनिटांनी कागद गेला. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि रडले. आठ आठवडे काही करता येत नव्हतं म्हणण्यापेक्षा, करायचं सुचलंच नव्हतं. एकदा तरी हातून नीट झालं.

निमिषला लिहिलं— ऐक, उद्या-परवा तिथला धोका उच्च झाल्याचं कळेल. कळताक्षणी लिहून दे, उतरतो म्हणून. कुणी भित्रा म्हणणार नाही, कलम आहे. करार मोडला. एकच टिक.

२८ मार्च, शनिवार

किती दिवसांनी झोप लागली. दहापर्यंत कुणी उठवलं नाही. आईने वडाभात केला. मी दोनदा घेतला. ज्ञानदाला पोहायला घेऊन गेले, तिथे बाकावर बसून चक्क गुणगुणत होते.

आईने विचारलं, काही चांगली बातमी? मी म्हटलं, येईल. ती तेवढ्यावर हसली, आणि मला वाटलं आता हिला सांगायला हरकत नाही. तो घरी निघाला की सगळं सांगेन, ब्राझीलपासून.

अजून एकच टिक. साहजिक आहे. समुद्रावर नेट नसतं.

२९ मार्च, रविवार

आज घड्याळं तासभर पुढे. सकाळी निमिषचा मेसेज आला, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून. माझा शुक्रवारचा अजूनही त्याला पोचलेला नाही. त्याचा जसाच्या तसा उतरवते.

"ताई सॉरी, चार दिवस नेट नव्हतं. गुरुवारीच आत घेतलं आम्हाला. पुढची सगळी जहाजं घाबरून रांग सोडून गेली, म्हणून आपला नंबर लवकर लागला. मका भरून झाला, आज निघणार होतो. पण शुक्रवारी कोणी तरी इथला धोका वाढवला म्हणे. काल विमा उठला, आता जहाज हलवायचं नाही अशी ऑर्डर आहे. बाकीच्यांना घरी पाठवून राह्यले. आठ जणांना थांबावंच लागते, इंजिनला तीन साब लागतोच. काल पलीकडच्या कोठारावर काही तरी पडलं. दोन तास जळत होतं. आईला बोलू नको. तू इन्शुरन्सवाल्यांत असते ना, जरा विचारून सांग ना कोणाले तरी— हे ठरवते कोण?"